ओतूरची खिडकी

सौमित्र डुंबरे तोंडावर कधी खोटं बोलला नाही. केंद्रात त्याची तशी ख्यातीच होती, आणि त्याला तिचा अभिमानही होता. आता तोंडावर खोटं न बोलणारा माणूस पाठीमागे काय करतो, हे सहसा कुणी विचारत नाही, म्हणून असल्या ख्याती टिकून राहतात. ते असो.

त्या मंगळवारी सकाळी तो पुण्याला भूश्रवण केंद्रात आपल्या टेबलाशी बसला होता. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. डावीकडची मोठी. तिला सगळं केंद्र 'ओतूरची खिडकी' म्हणायचं. उजवीकडच्या छोट्या खिडकीत तो संचालक बावडेकर सरांना पत्र लिहीत होता. पत्र चार ओळींचं, पण तासभर झाला तरी संपेना. लिहायचा, खोडायचा, उठून चहा घेऊन यायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी जे उरलं ते असं:

'डॉ. वृंदा सहस्रबुद्धे यांच्या स्मरणशक्तीला अलीकडे उतार लागला आहे. एकच गोष्ट त्या पुन्हापुन्हा विचारतात. ओळखीचे माग त्यांना ओळखू येत नाहीत. हे लिहिताना मला यातना होत आहेत. परंतु पदवेध प्रणालीची जबाबदारी आणि श्रेय त्यांच्या नावावर ठेवणं यापुढे योग्य होणार नाही.'

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. सहस्रबुद्धे बाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती हे खरं, पण स्मरणशक्ती अशी, की वीस वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत कुणी काय तारे तोडले होते ते त्या शब्दासकट सांगत, आणि वर त्या दिवशी त्याने कोणता शर्ट घातला होता तेही सांगत. मग त्याने असं का लिहिलं? राग नव्हता, वैर तर नव्हतंच. बाईंवर त्याचा जीव होता. पण पदवेध आता चार राज्यांचे वनविभाग घेणार होते, परदेशात मांडणी होणार होती, आणि वरच्या ओळीत एकच नाव मावत होतं. इतकी वर्षं लोक त्याची ओळख 'हे सहस्रबुद्धे बाईंचे विद्यार्थी' अशी करून देत आले होते. चाळिशी आली तरी तो विद्यार्थीच. एकदा तरी आपलं नाव पहिलं यावं, एवढंच त्याला हवं होतं. माणूस केवढ्याशा गोष्टीसाठी केवढं पाप करतो, बघा.

त्याने पत्र पाठवलं आणि खिडकी बंद केली. डावीकडची खिडकी तशीच उघडी होती.

आता ही ओतूरची खिडकी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

जुन्नर तालुक्यात ऊस आला, त्याच्यामागून बिबटे आले. बिबट्याला ऊस म्हणजे जंगलच. तिथेच तो राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात, आणि ऊसतोडणीची माणसं कोयते घेऊन फडात शिरली की गाठ पडते. सहस्रबुद्धे बाई मूळच्या भूकंपशास्त्राच्या. त्यांच्या डोक्यात आलं, की गावोगाव बांधाच्या कडेने इंटरनेटच्या काचेच्या तारा पुरलेल्याच आहेत. तर त्यांचाच कान करावा. तारेच्या एका टोकातून लेझरचा झोत सोडायचा. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतातच. त्यांच्यावर आपटून थोडा उजेड माघारी येतो. वरून कुणी चाललं की माती हलते, मातीबरोबर तार केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्शाइतकी ताणली जाते, आणि माघारी येणारा उजेड तेवढाच बदलतो. तो किती वेळाने परत आला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. म्हणजे ओतूरपासून माळवदवाडीपर्यंत पसरलेली एक तार, आणि तिला मीटरामीटराला कान. हेच ते पदवेध.

हे सगळं ऐकलेलं पडद्यावर तिरक्या रेघांसारखं उमटतं. माणसाची रेघ दोन ठोक्यांची, कुत्र्याची घाईची. बिबट्याची गंमत अशी, की त्याचा मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात पडतो. चार पायांचं जनावर, पण दोनच पायांचं ऐकू येतं, आणि तेही अगदी हळू. कोरड्या जमिनीत संगणकालाही हे ओळखता येतं. पण फडाला नुकतं पाणी दिलेलं असलं की काळी माती आवाज गिळते, आणि पडद्यावर नुसता करडा फराटा दिसतो. त्या फराट्यातून बिबट्या उचलणारे डोळे जगात एकाच माणसाला होते. बाई ओतूरला आपल्या घरी बसून पडदा बघायच्या, बिबट्या दिसला की माळवदवाडीच्या पोपटराव शेळक्यांना फोन करायच्या, पोपटराव भोंगा वाजवायचे, माणसं फडाबाहेर यायची. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

तर हा सगळा कारभार बाईंच्या घराच्या मागच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर चालायचा. तो तिथून हलवायची सोय नव्हती, कारण तारेतला उजेड वाचणारं कार्ड त्याच्यात होतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. म्हणून केंद्रातली माणसं पुण्याहून जोडणी करायची. कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, चालायचा ओतूरला, त्याची खिडकी तेवढी पुण्यात उघडायची. मधला सगळा प्रवास कुलूपबंद नळीतून. वाटेत कुणी कान लावला तर त्याच्या हाती भुस्सा.

पण कुलूप असतं वाटेला. दोन्ही टोकांच्या घरांना नसतं. लांबच्या संगणकावरचा कार्यक्रम तुम्ही आपल्या पडद्यावर बोलावलात, तर त्याने तुमच्या घरात कुठवर यायचं? याला दोन तऱ्हा आहेत. जोडणीच्या आज्ञेत एक्स हे अक्षर घातलंत तर तो पाहुणा. ओसरीवर बसेल, आपल्या खिडकीपुरतं रंगवेल, आत डोकावणार नाही. वाय घातलंत तर तो घरचा. त्याला सगळा पडदा दिसतो, शेजारच्या खिडकीत काय चाललंय ते दिसतं, तुम्ही कोणतं बटण दाबलंत तेही कळतं. एक्सने जुने कार्यक्रम कुरकुरतात, थोड्या वेळाने रुसून बसतात, म्हणून कंटाळून लोक वायच घालतात.

बाईंच्या विद्यार्थ्यांचं कारण मात्र वेगळं होतं. पहिल्याच तासाला बाई सांगायच्या, की माझ्याकडे येताना वाय घालून या. मला तुमचा पडदा दिसतो, कुठे अडलात ते बसल्या जागी कळतं. ज्याला काही लपवायचं असेल त्याने खुशाल एक्स घालावा. वर्ग हसायचा. सौमित्रही हसला होता, पहिल्या बाकावर बसून. पुढे केंद्रात नोकरी लागली, वर्षं गेली, आणि रोज सकाळी त्याची बोटं आपोआप वाय दाबत राहिली. कशासाठी दाबायचं, ते तो साफ विसरून गेला होता.

बावडेकरांनी पत्र वाचलं आणि संध्याकाळी त्याला बोलावून हळहळ व्यक्त केली. एवढी मोठी बाई, आणि काय हे. तुम्हाला किती जड गेलं असेल, असंही म्हणाले. सौमित्रने मान खाली घातली. ती शरमेने खाली गेली होती, पण शरम आणि दुःख वरून सारखीच दिसतात. महिनाअखेरीस पदवेधच्या कागदांवर एकच नाव राहिलं.

बाईंना काही कळवलं नव्हतं. आभाराच्या ओळीत त्यांचं नाव घालू, एकदा सवडीने ओतूरला जाऊन नीट समजावू, असं तो स्वतःला सांगत होता. सवड काही होत नव्हती.

आणि मग खिडकीत एक नवीच गोष्ट दिसायला लागली. खरं म्हणजे दिसायची बंद झाली. तार बाईंच्या फाटकासमोरूनच जायची. रोज सकाळी त्या कालव्यापर्यंत फिरायला जात, तेव्हा पडद्याच्या अगदी सुरुवातीला त्यांची रेघ उमटे. उजवा पाय जरा ओढत चालायच्या, म्हणून ती रेघ कुणालाही ओळखू यावी. सौमित्र चहा पिता पिता ती बघायचा. त्या आठवड्यात रेघ आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. शिवाय अकराच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा, काय रे डुंबरे, झोपलास का पडद्यासमोर, असा. तोही कमी झाला. आला तरी बाई चाचरत बोलायच्या. अमुक माग तू बघितलास ना, मला नक्की सांगता येत नाही, असं विचारायच्या. तेच परत विचारायच्या.

आता याला काय म्हणावं? सौमित्रला चक्क हायसं वाटलं. म्हणजे आपण अगदीच खोटं लिहिलं नव्हतं तर. आपल्याला कुठेतरी आतून जाणवलंच असणार. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या झोपेची.

माळवदवाडीत ते घडलं भर दुपारी. शेळक्यांच्या एका फडात तोडणी चालली होती, आणि शेजारच्या फडाला सकाळीच पाणी दिलेलं होतं. द्वारका नावाची बाई मोळी बांधायला बांधाकडे गेली आणि ओल्या फडातून बिबट्याने तिच्यावर झेप घेतली. माणसं ओरडत धावली म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ऊसतोडणीच्या बाईची बोटं गेली म्हणजे काय गेलं, ते वेगळं सांगायला नको. भोंगा वाजलाच नव्हता.

बावडेकरांनी नोंद तपासायला सांगितली. सौमित्रने दुपारचं चित्र उलगडून बघितलं. जागा माहीत होती, वेळ माहीत होती, तेव्हा डोळे फोडून फोडून बघितल्यावर त्याला फराट्यात काहीतरी आहेसं वाटलं. बाईंनी हे पाहिलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. त्याने फोन केला. बाई एवढंच म्हणाल्या, की फोनवर नको, तू ये.

तो त्याच दिवशी ओतूरला गेला. दार उघडायला बाईंना वेळ लागला. आधी आतून तीनतीनदा विचारलं कोण आहे म्हणून. घर तेच, मागच्या खोलीतला संगणक तोच घरघरत होता, पण बाई त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसल्या. चेहरा उतरलेला. त्याने विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

"मला दिसला होता रे. बांधाच्या कडेने, दबून चालला होता. मी फोन हातात घेतला आणि मग ठेवून दिला. म्हटलं, आपल्याला भास झाला असेल. आपलं आता असंच व्हायचं."

सौमित्रने विचारलं, असंच म्हणजे कसं.

"तूच लिहिलंस ना बावडेकरांना."

तुम्हाला कुणी सांगितलं, असं सौमित्रने खाली बघत विचारलं. पण बाईंच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. उलट त्या त्याला समजावत होत्या, पोराला समजावावं तशा. त्या दिवशी तू नेहमीसारखा वाय घालून आलास, म्हणाल्या. मी इथे बसून माग बघत होते, कोपऱ्यात तुझा पडदा दिसत होता. तू पत्र लिहायला घेतलंस. मी वाचणार नव्हते, पण माझं नाव दिसलं.

"तासभर लिहीत होतास आणि खोडत होतास. मध्येच उठून जात होतास. मला कळत होतं तुझ्या किती जिवावर आलंय ते. तोंडावर सांगवेना, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर लिहिलंस. मला कळावं, पण बोलायची वेळ कुणावरच येऊ नये. इतकं हळुवारपणे कुणी सांगितलं नसतं मला."

माणसाला शिव्या ऐकायची तयारी करता येते. याची तयारी कुठून करणार? सौमित्रला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

मग बाईंनी एकेक सांगितलं. पत्र वाचल्यापासून आपलं काय काय चुकतंय ते त्या शोधायला लागल्या, आणि शोधणाऱ्याला ते सापडतंच. दुधाचं पातेलं गॅसवर राहिलं. शेजारच्या सुनेचं नाव पटकन आठवलं नाही. हे काय आधी होत नव्हतं? होत होतंच, कुणाचं होत नाही? पण आता त्यांना त्याचा अर्थ कळला होता. वाट चुकलो तर, म्हणून फिरायला जाणं सोडलं. पडद्यावर माग दिसला तर तो खरा की आपल्या डोक्यातला, हे कळेना. नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चाचण्या केल्या आणि म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात.

"डॉक्टरांनी मला अर्धा तास बघितलं," बाई म्हणाल्या. "तू अकरा वर्षं बघतोयस."

द्वारकेला भेटायला त्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिच्या हातापाशी बसून माफी मागून आल्या होत्या. माझ्यामुळे झालं, असं तिला सांगून आल्या होत्या. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा मात्र सौमित्रला राहवलं नाही. तो खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"बाई, ते खोटं होतं. सगळं खोटं. तुम्हाला काही झालेलं नाही. माझं नाव पहिलं यावं म्हणून मी लिहिलं ते."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उगीच काहीतरी बोलू नकोस."

तो शपथा घेऊ लागला. तुम्ही बघत होता हे मला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर लिहिलंच नसतं, वाय घातलं की तुम्हाला दिसतं हे मी विसरलो होतो, असं तो कळवळून सांगत राहिला. आणि इथे बाई चक्क हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे.

"तू विसरलास? पहिल्या बाकावरचा डुंबरे? अरे, खोटं बोलायचं तर जरा पटेलसं तरी बोल. तुझ्यासारख्याला ते जमायचं नाही."

त्याचं खोटं एका फटक्यात पटलं होतं. खरं मात्र किती घसा फोडून सांगितलं तरी पटत नव्हतं. त्याच्याविषयी बाईंचं जे चांगलं मत होतं, तेच भिंतीसारखं मध्ये उभं होतं, आणि ते मत त्यानेच इतकी वर्षं जपून उभं केलं होतं. निघताना बाईंनी त्याला घरचं लोणचं बांधून दिलं.

पुण्याला पोचल्यावर त्याने जे करायला हवं ते सगळं केलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसऱ्याच दिवशी सकाळी बावडेकरांना खरं काय ते लिहिलं. आडपडदा ठेवला नाही. पद्धत बाईंची, कार्यक्रम बाईंचा, आजार माझ्या मनचा, द्वारकेची बोटं माझ्यामुळे गेली, असं सरळ लिहिलं. हे पत्रही त्याने वाय घालून, ओतूरची खिडकी शेजारी उघडी ठेवून लिहिलं. बाईंनी वाचावं म्हणून. बावडेकरांनी दार लावून घेऊन त्याला विचारलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना. मग चौकशी झाली. डॉक्टरांचा अहवाल मागवला. पदवेध लांबणीवर पडलं. कागदांवर बाईंचं नाव पहिलं आलं आणि सौमित्रचं निघालं. त्याची बढती गेली, खोली गेली, माणसं त्याला पाहून बोलणं थांबवू लागली. केंद्राने बाईंना माफीचं पत्र पाठवलं. द्वारकेच्या उपचारांचा भार त्याने आपल्या अंगावर घेतला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, म्हातारीला त्रास देऊ नका, तिचं मन फार साधं आहे. त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बाहेरचं सगळं असं दुरुस्त झालं. आणि बाई? बाईंनी त्याचं पत्र पडद्यावर वाचलं होतं, केंद्राचं पत्रही वाचलं होतं. त्यांनी फोन केला. रडत होत्या.

"माझी अब्रू राखायला नोकरी पणाला लावलीस. असं करायचं नव्हतंस रे. एका म्हातारीसाठी कुणी एवढं करतं का?"

तो बोलायला लागला, तर त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही.

पडद्यासमोर बसायला मात्र त्या तयार होईनात. फडांत तोडणी चालूच होती, फराट्यातून बिबट्या दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. शेवटी बाईंनीच तोड काढली. मी बघेन, म्हणाल्या, पण माझ्या एकटीच्या डोळ्यांवर नको. मला काही दिसलं तर आधी तुला विचारीन. तू तुझ्या खिडकीत बघ. तू आहे म्हणालास तरच पोपटरावांना फोन करीन.

पहिल्या वेळी फोन आला तेव्हा सौमित्रने प्रामाणिकपणे बघितलं. त्याला करड्या फराट्याशिवाय काही दिसलं नाही. तो तसं म्हणाला. मला दिसत नाही बाई, पण तुम्हाला दिसतोय ना, मग आहेच. बरं, म्हणजे भासच, असं म्हणून बाईंनी फोन ठेवून दिला. त्याने धावपळ करून स्वतःच पोपटरावांचा नंबर लावला, भोंगा वाजवायला सांगितला. बिबट्या तिथेच होता. लोकांनी त्याला बांधावरून जाताना पाहिलं.

तेव्हापासून तो न बघताच सांगतो. म्हणजे बघतो, डोळे ताणून बघतो, बाईंनी वर्गात शिकवलेलं सगळं आठवून बघतो, पण दिसत काही नाही. फोन साधारण अकराच्या सुमाराला येतो.

"सौमित्र, शेळक्यांच्या विहिरीपाशी मला बिबट्या दिसतोय. खरंच आहे का रे?"

"आहे, बाई."

"तुला स्पष्ट दिसतोय ना?"

"स्पष्ट दिसतोय."

"देवासारखा आहेस बाबा," बाई म्हणतात, आणि पोपटरावांना कळवायला घाईने फोन खाली ठेवतात.

थोड्या वेळाने खिडकीत माणसांच्या रेघा उमटायला लागतात. विळेकोयते टाकून फडाबाहेर निघालेली माणसं. त्या रेघा त्याला नीट ओळखता येतात. शेवटचा माणूस बांधावर पोचेपर्यंत तो बघत बसतो, मग उठून तोंडावर पाणी मारून येतो.